देवरे सरांना पाठवलेला कांदा

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात नवा विद्यार्थी आला की देवरे सर आधी नाव विचारत नसत. "बापाचं काय आलंय तुझ्यात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पोरं गोंधळत. मी मात्र फुशारकीने म्हणालो, "कांदा निवडायची नजर." सर खूश झाले आणि मला थेट प्रयोगशाळेत घेऊन गेले.

तिथे काचेच्या नळ्यांत कांद्यावरचे कोळी होते, पिठाच्या कणाएवढे. त्यांतले काही नर जाड पायांनी दुसऱ्या नराला भोसकून मारतात आणि मादी मिळवतात. ज्या बापाला भरपूर पिल्लं, त्याच्या मुलांनाही तशीच होतात का, एवढंच सरांना जाणून घ्यायचं होतं. प्रत्येक बापाचा वंश वेगळ्या नळीत. धुळ्याच्या उन्हाने दोनदा सगळे वंश मेले होते. ही तिसरी खेप, आणि निवृत्तीला चार महिने उरलेले. "पोरा, चौथी खेप माझ्या नशिबात नाही," असं ते म्हणत तेव्हा मला भीतीच वाटे.

कोळ्यांसाठी कांदा आणायचं काम माझं. बाजारातला कांदा पावसाने नासलेला, म्हणून मी पिंपळनेरला घरी गेलो. माझ्या वडिलांनी, आबांनी, कांदे साठवायच्या चाळीतून एकेक कांदा निवडून पिशवी भरली. "तुन्हा सरले दे. एकबी सडाव नई." साठवलेल्या कांद्यावर आबा गंधकाची भुकटी मारतात, हे मी लहानपणापासून पाहत होतो. गंधकाने कोळी मरतात, हे पुस्तकात वाचलं होतं. दोन्ही माझ्याच डोक्यात होतं, पण त्यांची गाठ कधी पडली नाही.

तो कांदा घातल्यावर तिसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या निपचित. मी रडत रडत गंधकाचं सांगून टाकलं. सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. संध्याकाळी एक कोळी हलला. जाड पायांचा नर. सर हसले, मग त्यांनी बाकीच्या नळ्या एकेक करून तपासल्या. मादी एकही उरली नव्हती. त्या एकट्या नराला त्यांनी अकरा दिवस जपलं. तो मेला त्या दिवशी सर पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या बोलीत बोलले, "आबासले सांगू नको."

मी सांगितलं नाही. सर निवृत्त झाले तरी आबा दरवर्षी त्यांना पिशवी पाठवत राहिले. सर फोनवर "आबा, कांदा झकास होता" म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात सर गेले. मी घरी पोचलो तेव्हा आबा चाळीत वाकून त्यांच्यासाठीच कांदे निवडत होते. बातमी ऐकून त्यांचे हात थांबले.

"मन्हा कांदा भलता आवडे त्यासले," आबा म्हणाले.

मी हो म्हणालो.