आईचा थांबलेला हात

तव्यावरची पोळी घेऊन आईचा हात सवयीने माझ्या ताटाकडे आला आणि वाटेतच थांबला. वजन उतरावं म्हणून ऑपरेशन करून मी पोटात पट्टा बसवून घेतला, तेव्हापासून अर्ध्या पोळीतच घास छातीशी अडतो.

आईने मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. तिची सगळी माया ‘एवढी एकच घे गं’ म्हणण्यात असायची. मी नको म्हणायचे, ती वाढायचीच. आता मी नको म्हटलं की ती खरंच ऐकते.

पोळी डब्यात ठेवून तिने हळूच विचारलं, “पाणी तरी देऊ?”

जेवताना पाणीही चालत नाही, हे मला सांगवलं नाही. भरलेला पेला मी नुसता हातात धरून बसले.