उसवणीचे तास

आमच्या वकिली ऑफिसात तासाचे दहा तुकडे करतात. सहा मिनिटांचा एक. पक्षकाराला फोन केला, एक तुकडा. त्याचं पत्र वाचलं, दोन तुकडे. कुणाच्या कामात किती तुकडे गेले ते प्रत्येक वकिलाने चिठ्ठीवर लिहायचं, शनिवारी चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि मी ते सगळं मोठ्या वहीत चढवायचं. वहीवरून बिल जातं. बावीस वर्षं मी हे करते आहे, टायपिंग करते ते वेगळंच. माणूस आपला वेळ कसा लिहितो त्यावरून त्याचा स्वभाव मला सांगता येतो. आमच्याकडे एक जण हात धुवायला गेला तरी दोन तुकडे लावतो, कारण हात धुताना तो पक्षकाराचाच विचार करत असतो म्हणे.

टाचणी आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. नाव अर्थात वेगळं. पण आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिने ऑफिसभरचे सुटे कागद गोळा करून नीट टाचले, आणि अंगानेही तशीच किडकिडीत, म्हणून ते नाव चिकटलं. तिने ते हसून घेतलं. साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, तिला एका वर्षाच्या बोलीवर ठेवलं होतं. महिन्याला सरासरी शंभर तास भरले तर कायम, नाही तर नमस्कार.

शंभर तास म्हणजे काही डोंगर नव्हे. पण ती आली त्याच महिन्यात एका बांधकाम कंपनीने आपली सगळी कागदपत्रं उचलून दुसऱ्या वकिलाकडे नेली. त्या एका कंपनीच्या जिवावर आमचं अर्धं ऑफिस जगत होतं. उरलेल्या फाइलींवर दोन जुने ज्युनिअर खुडूक कोंबडीसारखे बसले, उठायला तयार नाहीत. टाचणीच्या वाट्याला काय, तर पानांवर नंबर घालणं, तारखांची यादी करणं, दुसऱ्याच्या मसुद्यातल्या चुका काढणं. ती सकाळी पावणेनऊला येऊन बसायची. तिचं टेबल फाइलींच्या कपाटाला इतकं लागून होतं, की कपाट उघडायचं झालं तर तिला खुर्ची उचलून उभं राहावं लागे. दिवसातून वीसदा ती उभी राहायची, आणि दर वेळी समोरच्याला विचारायची, "मी काही करू का?" ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला जमत नव्हतं. सुरुवातीला लोक काहीतरी काढून द्यायचे. मग त्यांना तिचा संकोच वाटायला लागला, आणि पुढे पुढे ते तिला न उठवताच, अंग चोरून कपाट उघडायला लागले.

रिकाम्या माणसाला ऑफिसात एक मोठं काम असतं, ते म्हणजे कामात आहोत असं दिसणं. इतरांना ते उत्तम येतं. तिला शिकवूनही आलं नाही. ती निकाली निघालेल्या जुन्या फाइली काढून वाचायची, आणि कुणी विचारलं तर खरं सांगून टाकायची की वाचते आहे, काम नाही. घरी मात्र तिने खरं सांगितलं नव्हतं. वडील शिंपी, आई काजं-बटणं करायची, दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत घर. संध्याकाळी निघताना ती बंद झालेल्या दोन जाड फाइली पिशवीत भरून न्यायची आणि सकाळी परत आणायची. पोरीला घरी आणूनसुद्धा काम पुरत नाही, असं तिचे वडील गिऱ्हाइकांना सांगायचे. हे मला तिनेच सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडू आलं. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

सातव्या महिन्यात तिला पहिलं धडाचं काम मिळालं. पुठ्ठ्याची खोकी करणारा एक कारखानदार होता. त्याच्या जुन्या भागीदाराने एका यंत्रावर हक्क सांगून दावा लावला होता, आणि त्याचं उत्तर लिहायचं होतं. एक ज्युनिअर आजारी पडला म्हणून ते तिच्याकडे आलं. दोन दिवस तिने मान वर केली नाही. माझं टेबल तिच्या बरोबर समोर, त्यामुळे माझा हिशेब पक्का आहे, अकरा तास. उत्तर असं लिहिलं होतं की टाइप करताना मला एक स्वल्पविरामही हलवावा लागला नाही. आणि शनिवारी चिठ्ठी पाहते तर तिच्यावर आकडा चार.

मी तिला बोलावून विचारलं, उरलेले सात तास काय उंदरांनी खाल्ले? ती म्हणाली, पहिला मसुदा चुकला होता, तो फाडला. दुसऱ्यात एक मुद्दा राहिला. कायद्याचं एक कलम तीनदा वाचावं लागलं, जाणत्या वकिलाला एकदा पुरलं असतं. तो वेळ तिच्या अडाणीपणाचा, पक्षकाराने त्याचं बिल का भरायचं?

"बाबा म्हणतात, उसवणीचा वेळ गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये," ती म्हणाली. "चूक आपली, दोरा आपला."

मला हे ऐकून नवल वाटायला नको होतं. माझ्या नवऱ्याची पँट मी तिच्या वडिलांकडूनच शिवून घेतली होती. शिवून झाल्यावर त्या गृहस्थांना एक पाय नखभर आखूड वाटला. आम्हाला कुणालाच तो दिसत नव्हता. त्यांनी दोन्ही पाय उसवले, परत शिवले आणि ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. शिंप्याला ते शोभतं. पण वकिलाचं काम म्हणजे निम्मं उसवणंच असतं, हे या पोरीला कोण सांगणार? मी सांगितलं. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तू निदान केलेल्या कामाचं तरी लिहीत जा, म्हटलं. तिने मान डोलावली, आणि पुढच्या शनिवारी साडेपाच तासांच्या जागी परत दोन.

तेव्हापासून मी माझ्या खणात एक कागद ठेवला. ती खरंच किती वेळ बसली ते पेन्सिलीने टिपत गेले. आधीच्या महिन्यांचं आठवेल तसं लिहून काढलं. कशासाठी, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बहुतेक रागाने.

वर्षाचा शेवटचा शनिवार आला. दुपारी ऑफिस रिकामं झालं आणि मी बेरजा करायला बसले. टाचणीची सरासरी आली चौऱ्याऐंशी. खणातल्या कागदाप्रमाणे येत होती एकशे तीन. म्हणजे सगळ्यांनी मिळून नाकारलेलं, टाकलेलं, उष्टं काम करूनसुद्धा ही मुलगी शंभराच्या वर गेली होती, आणि स्वतःच्या हाताने खाली आली होती. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. वहीत माझंच अक्षर चालतं. तिच्या नावापुढचे आकडे मी एकेक करून खरे केले. पुठ्ठेवाल्याच्या कामाचे चार होते, त्याचे अकरा केले. त्याचा दावा तडजोडीत मिटला होता आणि बिल जायचं होतं. मी खोटं लिहीत नव्हते, असं मला त्या दुपारी अगदी मनापासून वाटत होतं. घरी जाताना मी खुशीत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. दहाव्या दिवशी पुठ्ठेवाला बिल घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, पण चिकट होता, आणि त्याने काम झाल्या दिवशीच टाचणीला फोनवर विचारून ठेवलं होतं की किती वेळ लागला. तिने चार तास सांगितले होते. बिलात अकरा होते.

मी तेव्हा साहेबांच्या खोलीत पत्र उतरवून घ्यायला बसले होते. साहेबांनी वही मागवली, टाचणीला बोलावलं. ती येऊन उभी राहिली. तिने वहीतला आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. सहा मिनिटांच्या तुकड्यात तसे पन्नास बसले असते. पण तेवढ्यात तिला सगळं कळलं हे मला दिसलं.

"चार की अकरा?" साहेबांनी विचारलं.

"अकरा," ती म्हणाली. "अकराच लागले होते. यांना मी कमी सांगितले."

"का?"

"मला लाज वाटली."

चार म्हणाली असती तर वही खोटी ठरली असती, आणि वही म्हणजे मी. अकरा म्हणाली तर ती पक्षकाराशी खोटं बोलली असं ठरत होतं. बोलली ते अक्षरन् अक्षर खरं होतं. मला त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. माझ्या हातात पेन्सिल होती, मांडीवर पत्र उतरवायचं पॅड होतं, तोंडात जीभ होती. मी गप्प बसले. साहेबांनी पुठ्ठेवाल्याची माफी मागितली, बिल चार तासांचं करून दिलं, आणि तो गेल्यावर तिला म्हणाले की पक्षकाराला एक आणि ऑफिसला दुसरं सांगणारा वकील त्यांना चालणार नाही. वर्ष तसंही संपलंच आहे. ती बरं म्हणाली. टेबल आवरायला तिला पंधरा मिनिटं लागली, आवरण्यासारखं काही नव्हतंच. पिशवीतल्या दोन जुन्या फाइली काढून तिने कपाटात जागच्या जागी ठेवल्या.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मी दुकानात गेले. वडील मशीनवर होते. त्यांनी मान हलवली आणि मशीन चालूच ठेवलं. ती आतून आली. मी सगळं सांगितलं, तो कागद, तो शनिवार. तिला सांगायची गरजच नव्हती.

"मावशी, साहेबांना आता सांगू नका," ती म्हणाली. "तुमची नोकरी जाईल, आणि माझी परत येणार नाही."

मी म्हटलं, मला रागव तरी. ती म्हणाली, वर्षभरात तिचा वेळ मोजणारी मी एकटीच होते, कसं रागवायचं? ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मला बरं वाटावं हे तिचं काम नव्हतं, हेही खरं.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले. तिने नको म्हटलं होतं तरी गेले. उभ्याउभ्याच सांगितलं, की आकडे मी बदलले, तिला ठाऊकही नव्हतं, तिला परत बोलवा आणि मला काय ती शिक्षा करा. साहेबांनी चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं.

"बाई, चिठ्ठी मी त्याच दिवशी काढून पाहिली होती," ते म्हणाले. "बदल तुम्ही केलात, हे मला माहीत होतं."

मग तिला का काढलंत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"वहीत एकशे तीन भरत होते, आणि ते खरेच होते ना? मग तिला कायम करावं लागलं असतं. तिला द्यायला माझ्याकडे काम कुठे आहे?" त्यांनी चष्मा परत लावला. "ज्युनिअर रोज दोन नोकरी विचारायला येतात. तुमच्यासारखी टायपिस्ट मला कुठे मिळणार?"

त्याच वेळी मी राजीनामा त्यांच्या तोंडावर फेकला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. नवऱ्याचं काम सुटून तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी बसले, आणि साहेबांनी अर्धवट राहिलेलं पत्र पुढे सांगायला सुरुवात केली. ते मी उतरवून घेतलं. मी अजून त्याच टेबलावर बसते. समोरच्या खुर्चीवर आता एक मुलगा असतो, हुशार आहे, आणि त्यालाही काम नाही. त्याचे तास मी मोजत नाही.