खालचा फुटवा

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. दारव्ह्याला माझ्या लेकीनं अंगणात लाल गुलाबाचं कलम लावलं होतं, मामानं आणून दिलेलं. "पहिलं फूल माझ्या वेणीत," असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. कळी धरायच्या आतच, पोळ्याच्या आठवड्यात, मुदतीच्या तापानं ती गेली. नऊ वर्षांची होती.

दोन महिन्यांत यांची बदली वणीच्या कापसाच्या जिनात झाली. हे म्हणाले, झाड राहू दे. मी म्हटलं, मग मीही राहते! शेवटी मुळं पोत्यात गुंडाळली आणि मोटारीत झाड मांडीवर घेऊन बसले.

वणीला झाडानं मान टाकली. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. गाय आटली की सरकीची ढेप, म्हैस खंगली की ढेप. मी शहाणीनं तीच भिजवून ओंजळभर मुळाशी घातली. ती आंबली, तापली, आणि चार दिवसांत पानं करपून गळाली.

शेजारची चाची, सायकलवाल्याची बायको, माळीकाम करणाऱ्या बापाची लेक होती. तिनं ढेप उकरून काढली, वाळक्या काड्या छाटल्या, वर ओल्या गोणपाटाची सावली केली.

पंधरा दिवसांनी बुडातून हिरवागार फुटवा आला. मी रडलेच. वर कलमावरही एक बारीक डोळा फुटला होता. चाचीनं वाकून पाहिलं. "बाई, खालचा काट. ज्याच्यावर कलम बांधलं त्या जंगली खोडाचा हाय तो. वरच्याले खाऊन टाकीन."

"काहून काटू? जगून राह्यलं ते पाहवत नाही का तुम्हाले?" मी तिच्या अंगावर ओरडले. इतकं धडधाकट हिरवं माझ्या हातानं कापायचं? माझ्यानं होणारच नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी तिच्याशी बोलले नाही. रोज दोन तांबे पाणी मात्र घालत राहिले.

फुटवा कमरेएवढा झाला. वरचा डोळा कधी वाळला, मला कळलंही नाही. होळीच्या सुमाराला फुलं आली. बारकी, फिक्कट गुलाबी, झुपक्यानं. लाल एकही नाही.

चाची ओट्यावर येऊन बसली. "सांगितलं होतं," असं म्हणाली असती तर मी भांडले तरी असते. तिनं नुसता माझा हात धरला.

लेक देवानं नेली, आपल्या हाती काय होतं, असं लोक म्हणायचे. मीही तेवढ्यावरच तग धरून होते. तिचं झाड मात्र मी मारलं, रोज पाणी घालून.