बाउदिलिओच्या कानातला रेडिओ

बाउदिलिओ माझ्या शेजारच्या खुर्चीवर इतकी वर्षं बसला, पण त्याने एक सामना धड पाहिला असेल तर शपथ. जन्मभर पावाची गाडी चालवली. पुढे निवृत्त झाला, बायको गेली, तरी दर रविवारी कानात रेडिओचा इअरफोन आणि खिशात सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया घेऊन हजर. आमचा वाल्देकुना संघ समोर खेळायचा आणि हा कानाने भलत्याच गावातल्या सामन्यात. त्याचा रेडिओ फोनपेक्षा अर्धा मिनिट पुढे असायचा, म्हणून अख्खा स्टँड त्याच्या तोंडाकडे बघायचा. त्याचा तोरा तर विचारूच नका!

यंदा शेवटच्या सामन्याला आमचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या श्रेणीत टिकायचं तर जिंकायला हवं. नाहीतर बरोबरी, आणि तिकडे दुसऱ्या सामन्यात सेर्बालचा संघ हरायला हवा. वेळ संपत आली तरी आमची एक-एक बरोबरीच, आणि तिकडे सेर्बालचीही बरोबरीच.

"काय रे, झोपलास का?" मी त्याला डिवचलं.

"गप गं चेलो, ऐकू दे!" आणि तो ताडकन उठला. "गोल! सेर्बालवर गोल!"

स्टँडमध्ये एकच आरडाओरडा. खालच्या बाकावरून आमच्या प्रशिक्षकाने मान वळवून हातानेच विचारलं, खरं? बाउदिलिओने अंगठा दाखवला. झालं! आता बरोबरी पुरे, म्हणून पोरांनी हल्ले करणं सोडलं आणि चेंडू कोपऱ्यात नेऊन दाबून धरला. इकडे जो तो बाउदिलिओच्या गळ्यात पडत होता. त्या झोंबाझोंबीत त्याचा इअरफोन निघाला. आमचे फोन खिशातच. बाउदिलिओ असताना फोन कोण बघतो?

शिट्टी वाजली आणि माणसं मैदानात धावली. त्याने इअरफोन परत कानात घातला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"चेलो, तो गोल रद्द केला. पंचांनी व्हिडिओ बघून. सेर्बाल वाचलं."

"थट्टा करतोस?"

"आईशप्पथ. आपण खालच्या श्रेणीत गेलो गं."

त्याला चांगलं फैलावर घ्यावं असा संताप आला, पण तोवर तो धडपडत पायऱ्या उतरून मैदानात गेला. दिसेल त्याचा दंड धरून सांगू लागला, "अरे ऐका, गोल रद्द झाला! आपण उतरलो!" त्या गोंगाटात कुणाला काही ऐकू जाईना. जो तो त्यालाच मिठी मारत होता. शेवटी आमच्या कर्णधाराने त्याला खांद्यावर घेतलं, आणि तो तिथूनही ओरडतच होता.