पाच पाण्यांच्या जोडण्या

गावातले निम्मे म्हातारे ज्यांच्या हातच्या दातांनी हसतात, त्या कवळीवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. "डोळे थकले," असं त्यांनी काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. डोळे ठणठणीत होते. थकली होती ती उजव्या हाताची बोटं. टाचणी टोचली तरी ती बातमी वर पोचत नसे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. सांगितलं असतं तर शनिवारची संध्याकाळही गेली असती.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ते रविवारच्या मासेमारीच्या जोडण्या करत. त्यांच्या काठीला रीळ नव्हतं. टोकालाच तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, बारीक दोरा बांधायचा. त्यावर तरंगणारा फ्लोट, खाली दोऱ्यावर चिमटीत दाबून बसवलेले शिशाचे दाणे, शेवटी गळ. तळं उद्या कुठल्या मूडमध्ये असेल ते सांगता येत नाही, म्हणून पाण्याचं नाव लिहिलेल्या पाच पट्ट्यांवर गुंडाळलेल्या पाच जोडण्या. शांत पाण्याला काडीसारखा फ्लोट आणि दाणे लांब लांब, म्हणजे आमिष सावकाश उतरतं. वाऱ्याला जाड शेंड्याचा. कालव्याच्या वाहत्या पाण्याला पोट सुटलेला, दाणे खाली एका जागी. उरलेल्या दोन खोल आणि गढूळ पाण्याच्या. प्रत्येक जोडणी बरणीतल्या पाण्यात सोडून बघायची. फ्लोटचं फक्त लाल टोक वर राहिलं पाहिजे.

"पोरीच्या लग्नाला एवढी तयारी केली नव्हती," बायको आतून म्हणे.

तिचा भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा आणि रविवारी सोबत यायचा. त्याच्याकडे सगळ्या पाण्यांना मिळून एकच जोडणी होती. "दाजी, पट्टीवर काय लिहिलंय ते माशाला वाचता येत नाही," असं म्हणून तो मासा काढायचा.

त्या महिन्यात तीन रविवार मोठा मासा लागला, काठी वाकली आणि दोरा तुटला. पहिल्यांदा दोष दगडांना गेला, दुसऱ्यांदा दुकानदाराला. तिसऱ्यांदा मेहुण्यानं तुटलेलं टोक उजेडात धरलं.

"दाजी, तिन्ही वेळा दाण्यापाशीच तुटलाय. दाणा चिमटीत हळूच दाबायचा, नाहीतर दोरा चिरतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? या दाण्याचा तर पापुद्रा झालाय."

"तंगूस जुना असेल."

"मागच्या रविवारी नवा घेतलात."

कवळीवाले फ्लोटकडे बघत राहिले. मेहुण्यानं त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला, गळाचं टोक अंगठ्यावर टेकवलं आणि दाबलं. रक्ताचा थेंब आला.

"तुझा फ्लोट बुडतोय बघ," कवळीवाले म्हणाले.

मेहुण्यानं फ्लोटकडे बघितलं नाही. हात परत जागेवर ठेवला, एखाद्याची वस्तू ठेवावी तसा. म्हणाला, "ताईला तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मासा गेला तुझा."

"जाऊ दे."

पुढच्या शनिवारी वर्तमानपत्र अंथरलं गेलं, बरणी भरली गेली, दाण्यांची डबी उघडली गेली. अर्धा तास झाला तरी दोऱ्यावर एकही दाणा बसला नव्हता. कवळीवाल्यांना वाईट वाटत नव्हतं. बोटांकडून बातमी येणं बंद झाल्यावर इतर ठिकाणांहूनही कमीच येत होती. त्यांनी हाक मारली.

"जरा इकडे ये. मला बोटांना..."

"माहीत आहे," बायको हात पुसत आली आणि समोर बसली.

"तुझ्या भावानं सांगितलं?"

"तो काय सांगणार? दोन वर्षं चहाचा कप डाव्या हातात धरताय. सोमवारी डॉक्टरकडे जायचंय, नंबर लावलाय. दाणा कुठं बसवू?"

त्यांनी जागा दाखवली. तिनं चिमटीत दाबला. "एवढा?"

"ढकलल्यावर सरकला पाहिजे, आपणहून नाही."

"म्हणजे तुमच्यासारखा."

पाच दाणे लावून तिनं जोडणी बरणीत सोडली. फ्लोट सरळ तळाला गेला.

"एक काढ," ते म्हणाले.

तिनं एक काढला. लाल टोक पाण्यावर आलं आणि थांबलं. ते दोघं त्याच्याकडे बघत होते.

"ही शांत पाण्याची," ते म्हणाले. "आता वाऱ्याची."

तिनं दिवा जवळ ओढला.