तिसऱ्या रविवारची मेणबत्ती

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर पत्र्याची ट्रंक घेऊन उभी होते. पोचवायला आई एकटीच आली होती. बाबा चर्चमध्ये. निघताना मला एवढंच म्हणाले, "नाताळ तोंडावर आलाय. तेवढाबी धीर न्हाय तुला?"

धीर! नर्सिंग पास होऊन मी मिशनच्या दवाखान्यातल्या जागेची वाट बघत बसले होते. जागा निघायची, कुणाची तरी सून नाहीतर भाची तिथं चिकटायची आणि बाबा म्हणायचे, "धीर धर, देव बघतोय." देव बघत होता आणि मी आईच्या जुन्या साड्या नेसत होते. शेवटी कुवेतचा व्हिसा आला. कुवेतवाले काय माझ्या नाताळासाठी थांबणार होते?

नाताळाआधीचे हे वाट बघायचे चार रविवार आमच्या घरी फार कडक. पितळी ताटात अशोकाची पानं, त्यांत चार मेणबत्त्या, दर रविवारी एकेक लावायची. तीन पांढऱ्या. तिसऱ्या रविवारची, म्हणजे आनंदाची, गुलाबी हवी. ती कुठली मिळायला? मग शेजारच्या रशीदाचाचीच्या दुकानातून बांगड्यांवरचा गुलाबी कागद आणून आई तो पांढऱ्या मेणबत्तीच्या बुडाला गुंडाळायची. ती लावायचा मान घरच्या लेकीचा, म्हणजे माझा. चाची दारातनं ओरडायची, "लावली का गं आमची गुलाबी?" तोवर करंजीला हात लावायचा नाही, त्या दिवशी एक मिळायची. तेवढ्यात आम्ही खूश असायचो, खोटं कशाला बोलू.

कुवेतला हॉस्टेलच्या मेसमध्ये नोव्हेंबरातच प्लॅस्टिकचं झाड उभं राहायचं आणि केकही सुरू व्हायचा. थांबायचं काही कामच नाही. नाताळची रजा सीनियर सिस्टरना. माझ्या काँट्रॅक्टमध्ये मे महिना. दरवेळी मेच.

पहिल्या रजेवर घरी आले, तेव्हा आईनं कपाटातून गुलाबी कागदाची मेणबत्ती काढली. मी गेल्यापासून ती तिनं कुणालाच लावू दिली नव्हती. ताटात बाकीच्या तीन जळायच्या, ही तशीच उभी.

"पोरगी आली न्हवं? लाव की आता," आई म्हणाली. काड्याची पेटी माझ्या हातात होती.

"मे महिन्यात कसला आगमनकाळ?" बाबा म्हणाले. "पोरखेळ हाय व्हय? नाताळाला येईल तवा लावंल."

आईनं मेणबत्ती परत कपाटात ठेवली. त्याच पावसाळ्यात आई गेली. मला तार मिळाली तोवर तिला माती दिली होती. बाबांवरचा तो राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही. तेवढा धीर आहे माझ्यात.

आता माझ्या खोलीत मी पहिल्याच रविवारी गुलाबी लावते. रूममेट म्हणते, क्रम चुकला. म्हटलं, चुकू दे. करंजी मला धड जमत नाही, चहाबरोबर बिस्कीट खाते. मेणबत्ती जळते तेवढा वेळ बरं वाटतं. खरंच बरं वाटतं.

गेल्या डिसेंबरात चाचीच्या दुकानात ट्रंक कॉल लावला. बाबांना बोलावून घेतलं.

"बाबा, गुलाबी लावली का?"

"तू आल्यावर. मला धीर हाय."

म्हातारा माणूस एकट्या घरात त्या न पेटलेल्या मेणबत्तीसमोर बसतो आणि त्याला भक्ती म्हणतो. माझ्यासारखं बोचकं उचलून गेलेल्यांनो, आपल्यासाठी घर असं ताटकळत बसलेलं असतं. त्याचा अभिमान नका बाळगू. मला तर चीड येते, आणि रडूही येतं.

चाची, हे कुणाकडून तरी वाचून घे. यंदा तिसऱ्या रविवारी आमच्या घरी जा. कपाटातली गुलाबी काढ आणि तूच लाव. बाबा ओरडतील, ओरडू दे. माझी वाट बघत एक माणूस गेलं, दुसरं जायला नको. मान लेकीचा असतो म्हणाले, तर सांग, लेकीनंच पाठवलंय.