पंचनाम्यातले एक वाक्य

अठरा वर्षे मी एका वाक्याविरुद्ध अर्ज लिहिले. ‘मयताने पाण्याची खोली न पाहता, स्वतःच्या निष्काळजीपणाने उडी मारली,’ हे ते वाक्य. मयत म्हणजे माझा धाकटा भाऊ. अंबडच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून देण्यात माझी हयात गेली. असले वाक्य जेवणाच्या सुट्टीआधी किती सहज लिहून टाकले जाते, ते मी जाणतो. तहसीलदार, पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी, मंत्रालय, कोणालाही मी सोडले नाही. मुद्दा एकच: गावच्या सार्वजनिक विहिरीत ठेकेदाराने पाडलेल्या भिंतीचे दगड आणून ओतले, फलक लावला नाही, दवंडी दिली नाही, सबब निष्काळजीपणा कोणाचा? उत्तर यायचे, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविले आहे.’ पुढे म्हणजे कोठे, हे विचारणारी माझी पत्रेही पुढेच गेली.

भाऊ मस्तीत मेला, असे गाव म्हणे. ते ऐकवेना म्हणून भावजय बदनापूरला माहेरी जाऊन राहिली. दर भेटीत तिचा प्रश्न ठरलेला. “दादा, त्ये वाक्य निघालं का कागदातून?” ती आता हयात नाही. म्हणूनच हे लिहितो आहे. याला कोणी धैर्य म्हणू नये.

नव्या शतकाच्या सुरुवातीला मुलाने मला सहा महिने परदेशी नेऊन ठेवले. बंदराचे शहर होते. बागेतल्या मोडक्या बाकाबद्दल मी तेथील नगरपालिकेला मुलाकरवी पत्र धाडले, तर आठवड्यात बाक दुरुस्त. मला आनंद झाला नाही, संताप झाला. एका रविवारी मुलाने उंचावरून पाण्यात उड्या मारणाऱ्या व्यावसायिक लोकांच्या स्पर्धेची तिकिटे काढली. चुलता कसा गेला हे त्याला माहीत होते, पण तो तेव्हा फार लहान होता. मीही नको म्हणालो नाही.

पाण्यावर सात-आठ मजल्यांइतका लोखंडी सांगाडा. टोकाला एक माणूस उभा, चिमणीएवढा. लोक चिडीचूप. तो मात्र उडी मारीना.

“घाबरला वाटतं,” मी म्हणालो.

“न्हाई अण्णा, खाली पाहा. ते पाणबुडे हायेत ना, त्यांनी हात वर केल्याबिगर वरचा हालत न्हाई.”

“आणि नाही केला तर?”

“तर उतरून येईल जिन्यानं. तुम्ही लगेच नोटीस काढू नका त्याला.”

खालच्या एकाने हात वर केला. वरच्याने सोडून दिले अंग. वरच्याने खालच्याला काही विचारले नाही, त्याचा चेहराही त्याला दिसत नसावा. मुलगा टाळ्या वाजवीत होता. मला बाकावर बसवेना.

आमच्या विहिरीवर रीत अशी, की उन्हाळ्यात पहिल्या दिवशी थोरल्याने पायऱ्यांनी उतरावे, बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणावा आणि सर्वांना दाखवावा. त्यानंतरच इतरांनी सूर मारायचा. आमच्यात थोरला मी. त्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने अंबडहून आलो होतो. अंगात इस्त्रीचा सदरा, संध्याकाळी एका पक्षकाराकडे जायचे होते. भाऊ वरच्या दगडावर उभा राहिला आणि ओरडला, “दादा, तळ पाह्यला का?”

पायरीवर बसलेला त्याचा मित्र हसला. “पाह्यला आसंल. वकीलसाहेबाचा सबूत बराबर आसतो.”

“पाह्यला,” मी म्हणालो. “मार.”

पोलिसांनी माझा जबाब घेतला. तळ कोणी पाहिला होता काय, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. विचारल्यावाचून बोलू नये, असा सल्ला मी पक्षकारांना फी घेऊन देत असे. तो मित्रही माझ्याकडे पाहून गप्प राहिला. ठेकेदाराविरुद्ध लिहिलेला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही. पण अठरा वर्षे मी ज्या शब्दावर भांडलो, त्या ‘निष्काळजीपणा’चा धनी कोण, हे कोणत्याही कचेरीपेक्षा मला अधिक पक्के ठाऊक होते.

परत आल्यावर मी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केले. मयताने विचारणा केली होती. मी खोटे उत्तर दिले. सबब सदर वाक्य रद्द करून माझे नाव नोंदवावे. कचेरीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचले.

“काका, ती फाइल आता न्हाई. मुदत संपली, नष्ट केली. हे लावू कशाला मी?”

“लेखी द्या.”

“फाइल नष्ट झाली, एवढं देतो लिहून. ह्ये तुमचं तुमच्यापाशी ठेवा.”

तसाच बदनापूरला गेलो. दोन्ही कागद खिशात होते. बाहेर काढला तो कारकुनाचा.

भावजयीने तो हातात घेतला, तिला वाचता येत नव्हते. “म्हंजी फाइलच न्हाई ऱ्हाइली?”

“नाही राहिली.”

“मंग वाक्यबी गेलं का न्हाई?”

“गेलं,” मी म्हणालो.

तिने तो कपाळाला लावला. मग कागद देवापुढे ठेवून आली. “तुमच्यावानी थोरला भाऊ कुणाला न्हाई, दादा. आता जेवल्याबिगर जायचं न्हाई.” तिने पुरण घातले. वाढताना तिचे डोळे भरून येत होते आणि ती हसत होती.

मी जेवलो.